विलायतेत शिकताना देणग्यांच्या क्षेत्रात अर्धवेळ काम: आधी तास मोजा

लंडनला डेव्हलपमेंट नाहीतर पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स करायला येणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलामुलींना वाटतं, आल्या आल्या एखाद्या मोठ्या फाउंडेशनमध्ये अर्धवेळ बसायचं आणि आफ्रिकेतल्या आरोग्य प्रकल्पांना निधी वाटायचा. तसं होत नाही. निधी देणाऱ्या संस्थांत माणसं मोजकी असतात, जागा क्वचित निघतात. त्यात ब्रिटन सरकारने परदेशी मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 0.3 टक्क्यांवर आणायचं ठरवलंय आणि परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड 2025 मध्ये गुंडाळली गेली. तुम्ही अर्ज कराल त्या जागेसाठी मुरलेली माणसंही रांगेत उभी असतात.

मग शिरायचं कुठून? स्वतःच्या विद्यापीठाच्या देणगी विभागातून. तिथे संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणगी मागायला विद्यार्थी लागतात. आपली मुलं नाक मुरडतात, 'कॉल सेंटरच करायचं तर पुण्यात काय वाईट होतं' म्हणतात. माझ्या मते याच्याइतकी चांगली शाळा नाही. माणूस नाही कसा म्हणतो, कधी हो म्हणतो, हे कानाने ऐकायला मिळतं. गिफ्ट एड समजतं: देणगीदार इथला कर भरत असेल तर त्याच्या दर पौंडावर संस्थेला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात. मुलाखतीत हे सहज बोलता आलं की समोरचा सरसावून बसतो. रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं काम मात्र शक्यतो टाळा. टार्गेट असतं, आणि नोव्हेंबरचा पाऊसही.

आता मुख्य गोष्ट. पदवी किंवा मास्टर्सच्या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात 24, पुढच्यात 16, सरासरी बरोबर, असला हिशेब इथे चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींची बेरीज. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घात होतो तो बिनपगारी कामात.

संस्था म्हणते, 'आमच्याकडे व्हॉलंटियर म्हणून या'. ठरलेले वार, ठरलेले तास, नेमून दिलेली जबाबदारी असेल, तर पगार नसला तरी ते तुमच्या 20 तासांत धरलं जातं. खरंखुरं स्वयंसेवेचं काम, म्हणजे करार नाही, बंधन नाही, फार तर प्रवासखर्च मिळतो, ते धरलं जात नाही. माझ्या ओळखीची नाशिकची एक मुलगी कॅफेत 16 तास काम करायची आणि एका संस्थेत दोन दिवस बिनपगारी 'इंटर्न' होती. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नाही, असं तिला घरमालकापासून सीनिअरपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. व्हिसा मध्येच रद्द झाला, फी गेली, बापाच्या डोक्यावर कर्ज राहिलं. म्हणून परत सांगतो: हो म्हणण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका. तिथे 'कोणाला कळतंय' म्हणणारे सगळे आता ब्रिटिश पासपोर्टधारक आहेत.

दुसरा खड्डा उन्हाळ्याचा. तुमच्यासोबत खोली घेऊन राहणारी बीएची पोरं जूनपासून पूर्णवेळ काम करतील. तुम्ही नाही. एका वर्षाच्या मास्टर्सला प्रबंधाचे ते महिने सहसा टर्ममध्येच मोजतात. तिसरा खड्डा घरचाच: पुण्यातली संस्था म्हणते, 'तिथे बसून आमचे प्रस्ताव लिहून दे, इनव्हॉइस पाठव'. पैसे भारतातल्या खात्यात आले तरी काम तुम्ही ब्रिटनमध्ये बसून करताय, आणि स्टुडंट व्हिसावर फ्रीलान्सिंगला मुळातच बंदी आहे.

मंडळाबद्दल विचारतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. गणपतीला जरूर जा, ओळखी होतील, पोळ्या मिळतील, नोकरी मिळेलच असं नाही. गावच्या शाळेसाठी ट्रस्ट काढलेले एखादे काका भेटतील आणि सगळी वेबसाइट तुमच्याकडून फुकट करून घेतील. बिनपगारी कामाचा वरचा नियम त्यांच्या कामालाही लागू आहे.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इथल्या उमेदवारांकडे सहसा नसते. भारतात पैसे पाठवणाऱ्या संस्थांना एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याची, धास्ती असते. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के झाली. मोठ्या संस्थेमार्फत गावोगावच्या छोट्या संस्थांना पैसे पोचवायची जुनी वाट त्यामुळे बंद पडली. हे नीट वाचून या. गडचिरोलीतल्या किंवा मेळघाटातल्या छोट्या संस्थेला याचा काय फटका बसतो हे सांगू शकणारा उमेदवार रोज भेटत नाही.

अर्जाआधी त्या संस्थेचे हिशेब वाचा. इंग्लंड-वेल्समधल्या संस्थांचे चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, साइटवर मिळतात. कोणी कोणाला किती ग्रँट दिली हे 360गिव्हिंग या संस्थेच्या ग्रँटनॅव साइटवर बघा, दोन्ही फुकट आहे. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव नको.

शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना 18 महिनेच मिळतील. त्यामुळे पूर्णवेळ जागांचे अर्ज प्रबंध चालू असतानाच सुरू करा, आणि देणगी विभागातल्या सुपरवायझरकडून शिफारसपत्र तो नोकरी बदलायच्या आत मागून ठेवा. इथे माणसं फार भराभर नोकऱ्या बदलतात.