रोमानियन डान्स गाणी नुसती नाचायला नको, ऐकायलाही घ्या (कशी ते सांगते)

रोमानियन भाषेतलं एक गाणं तुम्ही बहुतेक ऐकलेलंच आहे. 'नुमा नुमा येय' आठवतंय ना? गाण्याचं खरं नाव 'द्रागोस्त्या दिन तेय', ओ-झोन नावाच्या तीन पोरांच्या बँडचं, २००३ मधलं, आणि २००४ मधे युरोपात कितीतरी देशांत ते एक नंबरवर होतं. मग त्यावर ओठ हलवत खुर्चीतल्या खुर्चीत नाचणाऱ्या एका अमेरिकन मुलाचा व्हिडिओ जगभर फिरला, २००८ मधे अमेरिकन रॅपर टी.आय. आणि गायिका रिहानाने तीच चाल 'लिव्ह युअर लाइफ' मधे घेतली, म्हणजे वीस वर्षं झाली तरी ही चाल काही जायचं नाव घेत नाहीये. पण बहुतेक लोक तिथेच थांबतात, 'नुमा नुमा' म्हणतात, हसतात आणि पुढचं गाणं लावतात, आणि मला ते खरंच फार वाईट वाटतं कारण खरी मजा त्याच्या जस्ट पुढेच आहे.

तर सुरुवात याच गाण्यापासून करा. पहिल्यांदा नुसतं ऐका, नाचा, काही समजून घ्यायला जाऊ नका. मग दुसऱ्यांदा लावाल तेव्हा लिरिक्स समोर ठेवा. यूट्यूबवर गाण्याच्या नावापुढे 'वेर्सुरी' असं टाईप करायचं, व्ही-ई-आर-एस-यू-आर-आय, म्हणजे रोमानियनमधे गाण्याचे शब्द, त्याने अक्षरं दिसणारे व्हिडिओ पटकन सापडतात. अर्थ हवा असेल तर 'ट्राडुचेरे' शोधा, टी-आर-ए-डी-यू-सी-ई-आर-ई, म्हणजे भाषांतर.

आता इथे मराठी माणसाला जो फायदा आहे तो इंग्रजीवाल्यांना नाही, म्हणून जरा थांबून सांगते. लिरिक्समधे ए वर छोटी वाटी उलटी न ठेवता सुलटी ठेवल्यासारखं चिन्ह दिसेल, तो आपला साधा अ आहे, 'कमळ' मधला. टी च्या खाली स्वल्पविराम दिसला तर तो 'चमचा' मधला च, आणि सी च्या पुढे ई किंवा आय आला तर 'चहा' मधला च. हे दोन वेगळे च आपण लहानपणापासून न विचार करता बोलतो, त्यामुळे दहा मिनिटांत तुम्ही लिरिक्स वाचायला लागाल. एस खाली स्वल्पविराम म्हणजे श. अवघड फक्त एकच स्वर आहे, ए किंवा आय वर टोपी असलेला, तो इ आणि उ च्या मधे कुठेतरी येतो, ओठ गोल न करता उ म्हणून बघा, जमतो हळूहळू.

आणि मग तो 'नुमा नुमा' नीट ऐका. ते तीन वेगळे शब्द आहेत, 'नु', 'म', 'येय'. नु म्हणजे नाही. म म्हणजे मला, अगदी आपल्या 'मला' मधला पहिला म उच्चारायचा आणि ला सोडून द्यायचा, उच्चारही तोच आणि अर्थही तोच! येय म्हणजे नेतोस किंवा नेतेस. म्हणजे मला नेत नाहीस. तुला जायचंय पण मला बरोबर नेत नाहीस, असं म्हणतंय ते गाणं, आणि आपण त्यावर इतकी वर्षं उड्या मारतोय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी किचनमधे उभी होते, हातात लाटणं तसंच राहिलं, पोळी करपली, आणि त्यानंतर हे गाणं मला पुन्हा कधीच नुसतं मजेशीर वाटलं नाही.

त्याच गाण्यात गाणारा फोनवर बोलत असतो आणि म्हणतो की मी तुला 'बीप' दिला. बीप म्हणजे आपला मिस्ड कॉल हो! बॅलन्स जाऊ नये म्हणून एक रिंग देऊन कट करायचा, तो. आपल्या पिढीला हे कुणी समजावून सांगायची गरजच नाही. आणि नावातलं 'तेय' म्हणजे लिंडनची झाडं, तिकडे जूनमधे फुलतात आणि रस्तेच्या रस्ते वासाने भरून जातात, रोमानियन कवितेत त्या झाडाला आपल्या बकुळीसारखा मान आहे, त्यांचा मोठा कवी एमिनेस्कू याच्या नावाचं एक जुनं लिंडन याश शहरातल्या बागेत आजही लोक बघायला जातात.

अजून काही शब्द कानात ठेवा. 'तू' म्हणजे तू, बदलच नाही. 'हाय' ऐकू आलं तर ते इंग्रजीतलं हाय नाही, ते 'चल ना' आहे. 'इनिमा' म्हणजे हृदय, 'नोआप्ते' रात्र. आणि 'दोर', हा शब्द आला की गाणं थोडं मागे घेऊन पुन्हा ऐका, ओढ, आठवण, हुरहूर सगळं त्यात एकदम आहे. बीट कितीही फास्ट असला तरी आत दोर असतो, मला तरी या सगळ्या गाण्यांची चावी तीच वाटते.

पुढे काय ऐकायचं? एडवर्ड माया, इन्ना, अलेक्झांड्रा स्टॅन हे सगळे रोमानियातलेच, 'स्टिरिओ लव्ह' (२००९) मधलं ते अकॉर्डियन बऱ्याच जणांना पाठ असेल, पण ती गाणी इंग्रजीत आहेत, ऐका जरूर पण तिथे अडकू नका. जुनं हवं असेल तर त्रेय सूद एस्त (लिहिताना 3 Sud Est), समुद्रकाठच्या कॉन्स्टान्त्साचा १९९७ चा बॉयबँड. नवीन हवं असेल तर कार्लाज ड्रीम्स या बँडचं 'सुब प्येल्या म्या' (२०१६), म्हणजे माझ्या त्वचेखाली, गायक चेहरा रंगवून लपवतो त्यामुळे लक्ष आपोआप आवाजाकडेच जातं. मग इरिना रिमेस, द मोटान्स, देलिया. यातले बरेच जण, ओ-झोनसकट, रोमानियातले नाहीतच, शेजारच्या मोल्दोव्हातले आहेत, भाषा एकच, देश दोन. मोल्दोव्हाची राजधानी किशिनऊ, उच्चार अगदी लखनऊसारखा.

आणि ते दोन देश एका गाण्यात ऐकायचे असतील तर 'त्रेनुलेत्सुल' लावा, झ्दोब शि झ्दुब हा बँड आणि आद्वाहोव्ह बंधूंचं, २०२२ च्या युरोव्हिजनमधे, म्हणजे देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेत, मोल्दोव्हाकडून गेलं आणि सातवं आलं. नावाचा अर्थ छोटीशी ट्रेन, किशिनऊ ते रोमानियाची राजधानी बुखारेस्ट अशी जाणारी. मोल्दोव्हाचे रूळ रुंद, रोमानियाचे अरुंद, म्हणून त्या मार्गावर उंगेनी स्टेशनात डबे उचलून खालची चाकंच बदलतात. हे माहीत असलं की त्यातलं ते धावणारं व्हायोलिन वेगळंच ऐकू येतं. हे मात्र हेडफोनवर एकट्याने ऐकू नका, घरी चारपाच जण जमले असताना स्पीकरवर लावा, हात धरून गोल करा, कारण त्यांचा 'होरा' नावाचा नाच असाच गोलात नाचतात आणि स्टेप्स नाही आल्या तरी चालतं, हात सोडायचा नाही फक्त.