टेस्टचा पेपर गादीखाली ढकलण्याआधी

रविवारी टेस्ट, संध्याकाळी ग्रुपवर रँकची यादी आणि सोमवारी पेपर गादीखाली. नागपुरात धरमपेठ असो की नंदनवन, ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या नवख्यांचं हेच चालतं. हा आळस नव्हे. स्वतःबद्दल वाईट ऐकायचं नसलं की मन चुकीवरून नजरच काढून घेतं. पण म्हणून सोडून दिलं, तर तोच प्रश्न पुन्हा तसाच चुकेल.

उत्तर माहीत असून उत्तरपत्रिकेवर भलत्याच पर्यायाचा गोळा रंगवला, तर मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागात साधारण 50 ते 100 मिलिसेकंदांत ऋण विद्युतलहर उठते, तोंडून ‘अरे!’ निघायच्याही आधी. उत्तरच माहीत नसेल तर आतून इशारा येत नाही. चूक कळते ती निकाल दिसल्यावर, पाव सेकंदाच्या आसपास. तिथे सरांचं ‘लक्ष देऊन सोडव’ काय कामाचं?

खरा सापळा पुढे आहे. सोल्यूशन वाचलं की ‘हे तर येत होतं’ असं वाटतं. येत नव्हतं! समोरचं उत्तर ओळखणं वेगळं, कोऱ्या कागदावर आठवणं वेगळं. दुप्पट वेगाने पाहिलेले सोल्यूशनचे व्हिडिओ हाच भ्रम वाढवतात.

म्हणून सोडवतानाच प्रश्नपत्रिकेवर (ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर नव्हे) एकेक अक्षर लिहा: ख म्हणजे खात्री, अ म्हणजे अर्धवट, त म्हणजे तुक्का. 180 मिनिटांत 180 प्रश्न, तेव्हा यापेक्षा जास्त नको. तपासताना आधी ‘ख’ असून चुकलेले घ्या. खात्रीची चूक उघडी पडली की माणूस दचकतो आणि दुरुस्ती जास्त पक्की बसते; बटरफिल्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये हे दाखवलं.

समजा, पल्मनरी व्हेनमध्ये (फुप्फुसांतून हृदयाकडे शुद्ध रक्त नेणारी शीर) अशुद्ध रक्त असतं असं खात्रीने लिहिलं. वहीत नुसतं बरोबर उत्तर उतरवू नका. चुकीचा नियमही लिहा: ‘व्हेन म्हणजे अशुद्ध रक्त’. त्याखाली खरा: ‘हृदयाकडे नेते ती व्हेन, रक्त कसंही असो’. दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने उत्तर झाकून पुन्हा सोडवा. हे टाळलं तर जुनी खात्री परत डोकं वर काढते, आणि तेव्हा वाटतं आपलं डोकंच चालत नाही. चालतं हो, उजळणी राहिलेली असते.

परीक्षेत चूक जाणवली की पुढच्या प्रश्नाला हात आपोआप मंदावतो. घाबरू नका, सगळ्यांचंच होतं. पुढचा प्रश्न एकदा जास्त वाचा. मागचा गोळा पेनाने रंगवलाय, तो आता पुसत नाही.