हॉवर्ड काउंटीची मतं मोजताना

राज्यशास्त्र किंवा डेटाच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये येणारी मराठी मुलं मला हमखास विचारतात, "ग्रामीण भाग रिपब्लिकन पक्षाकडे का गेला, यावर प्रबंध करायचाय. सुरुवात कुठून करू?" मी सांगते, एकच काउंटी (राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा भाग) घ्या, आणि टक्केवारीला हात लावण्याआधी त्या टक्केवारीचा छेद तपासा, म्हणजे ती किती लोकांपैकी काढली ते.

मी आयोवातली हॉवर्ड काउंटी घेतली होती. मिनेसोटाच्या सीमेला लागून, मुख्य गाव क्रेस्को, वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास. मका, सोयाबीन, डुकरं, थोडं दूध, ट्रेलर बनवणारा कारखाना. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांना आणि २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्प यांना, दोघांनाही २० टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकवणारी ही देशातली एकमेव काउंटी. आयोवातल्या ९९ पैकी ३१ काउंट्यांनी ओबामांना दोनदा कौल देऊन मग ट्रम्पना दिला. दुसऱ्या कुठल्याच राज्यात इतक्या काउंट्या फिरल्या नाहीत.

दोन्ही वेळच्या फरकांची बेरीज करून पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की इथल्या ४१ टक्के लोकांनी पक्ष बदलला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी कागदावर शंभर रेघा मारल्या, साठ एकीकडे, चाळीस दुसरीकडे. मग वीस रेघा खोडून पलीकडे काढल्या. फरक २० अधिकवरून २० उणेवर आला, म्हणजे ४० नं सरकला, पण माणसं हलली वीसच. हॉवर्डमध्ये अध्यक्षपदासाठी मतदान करतात वस्तीच्या निम्मे लोक. त्यातली वीस टक्के म्हणजे ढोबळमानाने हजाराच्या आतली माणसं. शिवाय ती सगळी बदलली असंही नाही. कोणी घरी बसलं, कोणी पहिल्यांदा आलं, कोणी तिसऱ्या उमेदवाराला मत दिलं, काही वारले, काही गाव सोडून गेले. काउंटीचा आकडा या गोष्टी वेगळ्या करून दाखवत नाही. काउंटीचा कल म्हणजे तिथल्या अमुक माणसाचा कल, असं त्यावरून कधीही लिहू नका. माझ्या मते या विषयात नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.

आता छेदाचं. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोग एकच, मतदारयादी एकच, आणि टक्केवारी त्या यादीवर. अमेरिकेत साधारणपणे नाव नोंदवणं ही नागरिकाची जबाबदारी. ज्यांनी नोंदवलंच नाही ते यादीतून गळतात, छेद लहान होतो आणि टक्केवारी फुगते. म्हणून अभ्यासक मतदानास पात्र नागरिकांचा छेद घेतात. त्या हिशेबाने २०२० मध्ये देशभरात सुमारे ६६ टक्के मतदान झालं, तर २०१४ च्या मध्यावधीला (अध्यक्षाच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणारी, अध्यक्षपद सोडून इतर पदांची निवडणूक) ३७ टक्क्यांच्याही आत. सगळे प्रौढ धरले तर वेगळीच गडबड होते. जवळच्या पोस्टव्हिल गावात मांसप्रक्रियेच्या कारखान्यात परदेशातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. जे नागरिक नाहीत तेही छेदात आले, की गाव मतदानाला उदासीन वाटू लागतं. छोट्या काउंटीसाठी जनगणना विभागाचे नागरिकत्वाचे आकडे पाच वर्षांच्या सरासरीचे असतात, त्यांच्यासोबत दिलेली त्रुटीची मर्यादा (आकडा किती कमीजास्त असू शकतो ते) जरूर छापा.

वर्षांची तुलना करतानाही जपून. आयोवात एकाच खुणेत पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय २०१७ च्या कायद्याने गेली. २०२१ च्या कायद्याने मुदतपूर्व मतदान २९ दिवसांवरून २० वर आलं आणि मतदान केंद्रं रात्री नऊऐवजी आठला बंद होऊ लागली. टपाली मतं कमी दिसली की लोकांचा उत्साह ओसरला असं लिहून मोकळे होऊ नका.

आकडे मिळतात काउंटी ऑडिटरच्या कार्यालयात. हे निवडून आलेलं पद आहे आणि निवडणुकीशिवाय काउंटीचे हिशेब, मालमत्ता कराच्या नोंदीही त्यांच्याकडेच. हाताखाली मोजकी माणसं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाऊ नका. मी फेब्रुवारीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी प्रिसिंक्टनिहाय (मतदानाच्या छोट्या विभागानुसार) निकालाचा जाडसर गठ्ठा समोर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं: अध्यक्षपदाचा रकाना भरलेला, खाली स्थानिक पदांसमोर मतं कमी होत गेलेली. "हेही मोजा," एवढंच म्हणाल्या. त्या खालच्या ओळींवर माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

लोकांशी बोलायचं असेल तर आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. "कुणाला मत दिलं?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नका. भारतातल्या हरितक्रांतीमागचं गव्हाचं बियाणं विकसित करणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग क्रेस्कोजवळच्या शेतावर वाढले, शिकले क्रेस्कोच्या शाळेत. मी भारतातून आले म्हटल्यावर एका निवृत्त शेतकऱ्याने आपणहून गव्हाचा विषय काढला. तासभर बियाणं, भाव, कर्ज, गावातून गेलेली मुलं यांवर बोलणं झालं. मतदानाचा विषय त्यानेच काढला, मी वही मिटल्यावर.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंदणी करायची का असं विचारतात, १९९३ च्या कायद्यानुसार. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात, नागरिक नाही. तिथे "नाही" म्हणा, आणि छापील अर्ज सही करण्याआधी पुन्हा वाचा. चुकून नोंदणी झाली तरी पुढे व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळंच अडचणीत येऊ शकतं. उमेदवाराला दहा डॉलरची देणगीसुद्धा देऊ नका, व्हिसावर असलेल्यांना कायद्याने मनाई आहे. प्रचारसभेला श्रोता म्हणून जायला हरकत नाही. मी मागच्या रांगेत बसायचे, विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात दिसेल असं ठेवून.