मुद्देमाल खोलीचा चार्ज घेण्याआधी

कुलूप, किल्ल्यांचे दोन्ही जोड, टॉर्च, मास्क, हातमोजे. यावर जास्त बोलायला नको. दोन पंच, पडताळणीचा शिक्का असलेला इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोबाइल नीट धरता येणारा एक अंमलदार सोबत घ्यायचा, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. ज्यासाठी लिहायला बसलो ते आधीच सांगून टाकतो, शेवटी ठेवलं तर कोणी तिथवर पोचत नाही. चार्ज घेताना, म्हणजे पोलिस ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीचा ताबा आधीच्या कारकुनाकडून आपल्याकडे घेताना, खोलीत असलेला माल सगळेच मोजतात. तुम्ही खोलीत नसलेला माल मोजा. मागच्या वेळी नेमकं तेच राहिलं होतं.

मुद्देमाल कारकुनाची सही रजिस्टरखाली होते आणि रजिस्टरमध्ये खोलीबाहेरचा मालही असतो. काही पाकिटं रासायनिक विश्लेषकाकडे, म्हणजे आपल्या भाषेत सी.ए.ला गेलेली असतात. कट्टा (गावठी पिस्तूल) आणि काडतुसं बॅलिस्टिककडे, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या विभागाकडे, चेक हस्ताक्षर तज्ज्ञाकडे, कोयता साक्षीसाठी कोर्टात, मोटारसायकल सुपूर्तनाम्यावर (म्हणजे हमीपत्र घेऊन तात्पुरती सांभाळायला) मालकाकडे, आणि जागा नाही म्हणून चार ट्रॅक्टर मुख्यालयाच्या आवारात. चार्ज देणारा शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणतो, 'ते सी.ए.ला आहे.' शेराही तसाच असतो, मांडणीही रिकामी असते, दोन्ही जुळतं म्हणून आपण पुढच्या ओळीवर जातो. तिथे थांबा. पाठवल्याचं पत्र दाखवा म्हणा. पत्र दाखवलं की पोहोच मागा, शिक्का, तारीख आणि तिकडचा नोंद क्रमांक असलेली. पोहोच मिळाली की माल परत आला का ते विचारा. आणि उत्तर त्या माणसाकडून घेऊ नका, प्रयोगशाळेकडून घ्या.

कारण असं घडतं: अहवाल तयार होतो, उरलेला माल प्रयोगशाळा पुन्हा सीलबंद करते, आपलाच कोणीतरी अंमलदार दुसऱ्या गुन्ह्याचा माल जमा करायला गेलेला असतो आणि येताना हा घेऊन येतो. परतीची नोंद करायला रात्री कोणी जागेवर नसतं. पाकीट तपासी अधिकाऱ्याच्या कपाटात जातं. त्याची बदली होते, आणणारा अंमलदार निवृत्त होतो. पुढे केस बोर्डावर लागते, सरकारी वकील मुद्देमाल मागतात, आणि प्रयोगशाळेच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की माल अमुक तारखेला तुमच्या माणसाने सही करून नेला. तेव्हा रजिस्टरवर सही कोणाची असते? तुमची.

म्हणून चार्जचा आदेश निघाला की त्याच दिवशी प्रभारी अधिकाऱ्यांच्या सहीने पत्रं टाका. एक प्रयोगशाळेला, कलिना असो, नागपूर असो, पुणे असो, जिथे जिथे तुमचा माल गेलाय तिथे. एक प्रत्येक कोर्टाच्या नाझरला, म्हणजे तिथला मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला. एक मुख्यालयाला. सोबत गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि जावक क्रमांकांची यादी जोडा. पत्रात एवढंच विचारा: यातलं तुमच्याकडे आज काय आहे आणि परत काय दिलंय, कोणाला, कधी. उत्तरं यायला वेळ लागतो, म्हणूनच ही पत्रं पहिल्या दिवशीची आहेत. पुढची सगळी मोजणी उत्तरांची वाट बघता बघता होऊन जाते.

आता खोली. मोजणी रजिस्टरवरून करायची, मांडणीवरून नाही. मांडणीवरून केली तर दिसतं तेवढंच मोजलं जातं आणि हरवलेली वस्तू हरवलीय हे कळतच नाही. सगळ्यात जुन्या वर्षापासून सुरू करा. गुन्ह्यांचा मुद्देमाल, आकस्मिक मृत्यूचा आणि बेवारस, तिन्हींच्या याद्या वेगळ्या. अंगझडतीत आरोपीकडून काढून घेतलेल्या वस्तूंची पाकिटं कुठे ठेवलीत ते वेगळं विचारा. ती बहुधा ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या खणात सापडतात.

सीलबंद पाकीट उघडायचं नाही. आत काय आहे बघू या, असं म्हणणारा एक हौशी प्रत्येक वेळी असतोच, त्याला बाहेर बसवा. लाखेची मोहोर शाबूत आहे का, नमुना मोहोरेशी जुळते का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, ते बघा. सीलसह वजन घ्या, फोटो काढा. मोहोर तडकलेली असेल किंवा उंदराने कोपरा कुरतडला असेल तर तसंच लिहा आणि स्टेशन डायरीला नोंद घ्या. जुनं सील नीट करायच्या फंदात पडू नका. तुटलेल्या सीलचं उत्तर देता येतं, नव्या लाखेचं देता येत नाही.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर हात आखडूनच ठेवा. एन.डी.पी.एस. कायद्याचं कलम ५५ म्हणतं की प्रभारी अधिकाऱ्याने माल ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवावा आणि त्यावर ठाण्याची मोहोरही लागावी. तेव्हा पाकिटावर दोन मोहोरा हव्यात, एक जप्त करणाऱ्याची आणि एक ठाण्याची. कलम ५२अ प्रमाणे यादी, फोटो आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर होतात. जप्तीच्या जागीच नमुना काढायची जुनी सवय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या मोहनलाल निकालाने चुकीची ठरवली आणि २०२२ च्या नियमांनी दंडाधिकाऱ्यांसमोरची पद्धत लेखी बांधून दिली: गांजा, चरस, अफूचा नमुना २४ ग्रॅम, बाकीच्यांचा ५ ग्रॅम, प्रत्येकी दोन. गांजा वाळतो आणि वजन घटतं. चार्ज यादीत आजचं वजन लिहा, पंचनाम्यातलं उतरवू नका. फरक दिसला तर दिसू द्या. आणि नमुन्यांपैकी एक सी.ए.ला गेलेला असणार. त्याची पोहोच? पुन्हा तेच. जप्ती ते प्रयोगशाळा या साखळीत एक दिवस माल कोणाकडे होता ते सांगता आलं नाही, एवढ्यावरही केस पडते.

रोकड खोलीत असू नये, कोर्टाच्या आदेशाने ती कोषागारात किंवा बँकेत जायला हवी. असलीच तर नोटांचे क्रमांक लिहिलेले आहेत का बघा, नुसते 'पाचशेच्या चाळीस नोटा' चालत नाही. हे उगाच नाही सांगत. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा ठाण्याठाण्यांत जप्त नोटा पडून होत्या. त्या बदलून मिळण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये वेगळे नियम काढले आणि त्यात अट होती की तपास यंत्रणेने क्रमांक नोंदवलेले असावेत आणि कोर्टाच्या आदेशात ते आलेले असावेत. क्रमांक नसलेल्या नोटेचा मालक काय करणार?

दागिन्यांना 'सोन्याचे' म्हणू नका, 'पिवळ्या धातूचे' लिहा. सोनाराचा दाखला असेल तर त्याचा हवाला द्या. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर म्हैसूरकडचं एक प्रकरण होतं. चोरीचे सापडलेले दागिने ठाण्यातल्या गार्ड रूमच्या ट्रंकेतून गेले. न्यायालयाने सांगितलं की वस्तू नाही म्हणून मालक रिकाम्या हाताने जाणार नाही, किंमत सरकार भरेल. सरकार भरल्यावर कोणाकडे बघतं ते सांगायला नको.

हत्यारं: रिकामी आहेत याची खात्री आर्मरर, म्हणजे शस्त्रांचा जाणकार कारागीर, करेल, तुम्ही नाही. काडतुसं वेगळ्या पेटीत. स्फोटकं असतील तर चार्जच घेऊ नका, आधी बी.डी.डी.एस.ला (बॉम्बशोधक-नाशक पथकाला) बोलवा आणि कोर्टाकडून नाशाचा आदेश घ्या. श्रीनगरजवळच्या नौगाम ठाण्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये जप्त स्फोटकांचे नमुने काढताना स्फोट झाला आणि माणसं गेली. ठाणं ही स्फोटकं ठेवायची जागा नव्हे.

रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दिसले तर बुरशी आलेली असणारच. सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात, पण आता सीलबंद असतील तर फक्त नोंद. पेट्रोल-रॉकेलचे कॅन खोलीत नकोत. दारूच्या बाटल्या मोजताना बुचं बघा, पातळी बघा. खोलीतली दारू कोणी प्यायलं आणि रजिस्टरमध्ये 'उंदरांनी फोडली' लिहिलं, असं होतं, हसू नका.

मोबाइल आणि हार्ड डिस्क. आय.एम.ई.आय., सिरीयल नंबर, काचेवरची चीर, सिम आहे की नाही. चालू करून बघायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर तपासी अधिकाऱ्याला लेखी कळवा. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटावरून निघणारा आणि डेटा बदलला की बदलणारा आकडा, लागते, आणि तुम्ही गंमत म्हणून एकदा जरी चालू केलात तर आतला डेटा बदलतो. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत झडती-जप्तीचं चित्रीकरणही असतं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. ते मेमरी कार्डवर असेल तर तेही मुद्देमालच आहे आणि त्यालाही ओळ हवी. ते कोणीच धरत नाही.

वाहनं उन्हात उभी असतात म्हणून मोजणीही उन्हात उरकली जाते. चेसिस नंबर खरवडून वाचा, नंबर प्लेटवर विसंबू नका. बॅटरी, स्टेपनी, टायर, मीटरचा आकडा लिहा, चारही बाजूंनी फोटो. बॅटरी नसेल तर 'नाही' असं लिहा. रकाना रिकामा सोडलात तर ती तुमच्या काळात गेली. सुंदरभाई देसाई निकाल २००२ चा. त्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की माल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये, पंचनामा, फोटो, हमीपत्र घेऊन सोडावा. तरी आवारात वाहनांतून पिंपळ उगवलेत. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये आता मुदतच आहे: माल हजर केल्यापासून चौदा दिवसांत कोर्टाने वर्णनाचं विवरण करायचं, फोटो-चित्रीकरण करून घ्यायचं आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. पण माल हजर केल्याशिवाय हे घड्याळ सुरूच होत नाही, आणि हजर करायचं काम आपलं आहे. सुपूर्तनाम्यावर गेलेल्या वाहनांची यादी वेगळी करा: हमीपत्राची प्रत, मालकाचा आजचा पत्ता, कोर्टाने 'विकू नये' म्हटलंय का. तो माल तुमच्याकडे नाही, पण तुमच्या रजिस्टरवर आहे. परत सांगतो, खोलीबाहेरचा माल.

आणि कोर्टातला. साक्षीच्या दिवशी कोयता नेला, दाखवला, त्याला आर्टिकल नंबर पडला, सील फुटलं. तो कोर्टातच राहिला की अंमलदार परत घेऊन आला? राहिला असेल तर नाझरची पावती. परत आला असेल तर कोर्टाच्या सीलने आला का, आणि आवक नोंद? रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढा, पैरवी अंमलदाराला, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणाऱ्याला, दोन चहा पाजा, पण हे कागदावर आणा. प्रयोगशाळेइतकाच माल इथे गळतो.

निर्गतीचं, म्हणजे मालाच्या विल्हेवाटीचं, थोडक्यात. निकाल लागलेल्या केसेस वेगळ्या काढा, आदेशात मुद्देमालाबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा, अपिलाची मुदत गेली का आणि अपील दाखल आहे का ते लेखी विचारा. सहआरोपी फरार असेल तर हात लावू नका. बेवारस मालाचा जाहीरनामा काढून सहा महिने थांबा. नाश पंचांसमोर, चित्रीकरणासह. लिलावाचे पैसे चलनाने, चलन रजिस्टरला चिकटवा. परत दिलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत.

बाकी रंगरंगोटी, नव्या मांडण्या, बारकोड वगैरे नंतर. आधी मोजणी.

पत्रांची उत्तरं आली की तीन ढीग करा. जुळलेलं. न जुळलेलं. उत्तर न आलेलं. चार्ज यादीवर सही फक्त पहिल्या ढिगापुरती. बाकीच्या दोन्हींची स्वतंत्र यादी जोडून वर लिहा, 'पडताळणी झाली नाही, चार्ज घेतला नाही', देणाऱ्याचीही सही घ्या, एक प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना पाठवा आणि तिची पोहोच घ्या. वरून फोन येईल, 'अरे, सही करून टाक, नंतर बघू.' तो फोनही स्टेशन डायरीला नोंदवा, वेळेसकट.