सैनिक पतीच्या निधनानंतर फॅमिली पेन्शन: कोठून सुरुवात करावी आणि कोणते कागद जुळवावेत

सैन्यात नोकरी केलेल्या पतीच्या निधनानंतर पत्नीला मिळणाऱ्या पेन्शनला सरकारी भाषेत कुटुंब निवृत्तिवेतन आणि बोलण्यात फॅमिली पेन्शन म्हणतात. पतीच्या सेवेतून पत्नीकडे आलेला हा हक्क आहे. तो मागताना कोणापुढे संकोचण्याचे कारण नाही, पण तो मागावा मात्र लागतो, कारण मृत्यूची खबर दिल्याशिवाय आणि कागद सादर केल्याशिवाय ही पेन्शन सुरू होत नाही. नात्यातल्या आणि गावातल्या काही भगिनींबरोबर मी या कामासाठी कार्यालयांच्या पायऱ्या चढले आहे. त्यांपैकी बहुतेकींची फाइल एकाच ठिकाणी अडली होती, ती म्हणजे नावाच्या नोंदीत. म्हणून या लेखात त्या भागावर मी अधिक लिहिणार आहे.

सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर निश्चित करावे: पतीला स्वतःला पेन्शन मिळत होती का? मिळत असेल, तर त्यांच्या पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, घरात कोठेतरी असतो आणि पुष्कळदा त्यातच पत्नीचे नाव व फॅमिली पेन्शनचा दर नोंदलेला असतो. अशा वेळी काम तुलनेने सोपे असते. पती सेवेत असतानाच गेले असतील, तर त्यांची तुकडी आणि रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय, स्वतःहून कागदपत्रे तयार करू लागतात आणि तुकडीचा माणूस घरी संपर्क साधतो. पती पेन्शनपात्र सेवा पूर्ण होण्याआधीच घरी आले असतील, तर प्रकरण अवघड होते. जवान ते सुभेदार मेजर या पदांसाठी साधारणपणे १५ वर्षांची आणि अधिकाऱ्यांसाठी २० वर्षांची सेवा पेन्शनसाठी आवश्यक असते. त्याआधी केवळ ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडलेल्या सैनिकाच्या पत्नीला सहसा फॅमिली पेन्शन मिळत नाही. मात्र ‘दहाच वर्षे होती, म्हणजे काही मिळणार नाही’ असे गावातल्या कोणी सांगितले म्हणून घरी बसू नये. पती राखीव दलात, म्हणजे रिझर्व्हमध्ये होते का, आणि आजारपणामुळे किंवा जखमेमुळे त्यांना सेवेतून कमी केले होते का, हे डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवा सोडताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकात, पाहावे. या दोन्ही बाबतींत नियम वेगळे आहेत आणि त्यांतून हक्क निघू शकतो. अग्निवीर म्हणून भरती झालेल्यांना पेन्शन लागू नाही. त्यांच्या कुटुंबाला ४८ लाख रुपयांच्या विम्याची रक्कम मिळते, आणि मृत्यू सेवेच्या कारणाने झाला असल्यास ४४ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदानही मिळते.

किती पेन्शन मिळते

फॅमिली पेन्शनचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील फरक मोठा आहे. मृत्यूचा सेवेशी संबंध नसेल तर साधी फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या हिशेबी वेतनाच्या ३० टक्के. सुरुवातीच्या काळात हाच दर ५० टक्के असतो: पती सेवेत असताना गेले असतील तर १० वर्षे, आणि निवृत्तीनंतर गेले असतील तर ७ वर्षे किंवा ते ६७ वर्षांचे झाले असते तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत. निवृत्तीनंतरच्या मृत्यूत ही वाढीव रक्कम पतीच्या पेन्शनपेक्षा जास्त असू शकत नाही. मृत्यू सैनिकी सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे आजार बळावून झाला, असे मान्य झाले तर विशेष फॅमिली पेन्शन लागू होते आणि तिचा दर ६० टक्के आहे. युद्धात किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत वीरमरण आले असेल तर उदारीकृत फॅमिली पेन्शन शेवटच्या वेतनाइतकी, म्हणजे १०० टक्के मिळते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. सेवेत असताना वारलेल्या हवालदाराचे मूळ वेतन ४०,४०० रुपये आणि सैनिकी सेवा वेतन ५,२०० रुपये असेल, तर हिशेबी वेतन ४५,६०० रुपये होते. त्यावर साधी पेन्शन १३,६८० रुपये, वाढीव दराने २२,८०० रुपये आणि विशेष पेन्शन २७,३६० रुपये बसते. महागाई भत्ता यावर वेगळा मिळतो. पूर्वीच निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत ‘वन रँक वन पेन्शन’च्या, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन या योजनेच्या, तक्त्यांप्रमाणे आकडा बदलतो. कोणत्याही परिस्थितीत मूळ फॅमिली पेन्शन दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी नसते. पतीने निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, आता ती कपात आपल्या पेन्शनमधून होईल, ही भीती अनेकींना असते. तशी कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही.

साधी आणि विशेष पेन्शन यांतील फरक आयुष्यभराचा असल्यामुळे, सेवेत असताना आजाराने किंवा अपघाताने मृत्यू झाला असेल तर चौकशीचे निष्कर्ष आणि वैद्यकीय कागद यांच्या प्रती मागून घ्याव्यात. पतीला सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन मिळत असेल आणि त्याच आजाराने ते गेले असतील, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला रुग्णालयाकडून नीट लिहून घ्यावा, कारण पुढे विशेष पेन्शनचा दावा त्याच एका कागदावर उभा राहतो. घरातले सगळे दुःखात असताना हे सुचत नाही. शेजाऱ्याने किंवा भावाने हे काम आपल्याकडे घ्यावे.

नाव, जन्मतारीख आणि लग्नाची नोंद

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरी ठेवलेले दुसरे, आणि गावात सगळे हाक मारतात ते तिसरे. सैनिकाने लग्नानंतर तुकडीत जे नाव सांगितले, ते कारकुनाने जसे ऐकले तसे इंग्रजीत लिहिले गेले. लग्न झाल्याची ही नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे तुकडीच्या लेखी आदेशाने, होते आणि तीच रेकॉर्ड ऑफिसात कायम राहते. पुढे चाळीस वर्षांनी आधार कार्डावर भलतेच नाव असते, आणि संगणकाला ही एकच बाई आहे हे कळत नाही. माझ्या आत्याच्या बाबतीत फक्त एका ‘बाई’ या शब्दाने पावणेदोन वर्षे घेतली: रेकॉर्डमध्ये नावापुढे ‘बाई’ होते, आधारवर नव्हते. त्या काळात घरखर्च मुलीच्या पगारावर चालला.

म्हणून अर्जाआधी डिस्चार्ज बुक आणि पीपीओ उघडून त्यात आपले नाव व जन्मतारीख कशी लिहिली आहे ते अक्षर न् अक्षर पाहावे. आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक यांच्याशी ते जुळत नसेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. फरक मोठा असेल तर नावबदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्या आधारे रेकॉर्डमध्ये दुरुस्ती मागावी. आधारच बदलून रेकॉर्डप्रमाणे करून घेणे काहींना जवळचे वाटते, पण मग रेशनकार्ड, सातबारा आणि मुलांचे दाखले यांच्याशी नवा विसंवाद तयार होतो. आपली बहुतेक कागदपत्रे ज्या नावाने आहेत त्या नावाकडेच रेकॉर्ड आणावे, असे माझे मत आहे. जन्मतारखेकडे दुर्लक्ष करू नये. वयाच्या ८० व्या वर्षापासून फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के, ८५ पासून ३० टक्के, ९० पासून ४० टक्के, ९५ पासून ५० टक्के आणि १०० व्या वर्षी १०० टक्के वाढ मिळते. पीपीओमध्ये जन्मतारीख कोरी किंवा चुकीची असेल तर ही वाढ लागत नाही, आणि ते लक्षातही येत नाही.

लग्नाची नोंदच कधी झाली नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्माचे व शाळेचे दाखले ज्यांत आईवडील दोघांची नावे आहेत, जुने रेशनकार्ड, मतदार यादीतील नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र असे जितके पुरावे मिळतील तितके जोडावेत. पतीचा सैनिकी क्रमांकच ठाऊक नसेल तर घरातली जुनी काळी ट्रंक पाहावी. तिच्यावर पांढऱ्या रंगाने क्रमांक, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. ट्रंक विकली गेली असेल तर पदके पाहावीत. पदकाच्या कडेवर क्रमांक आणि नाव कोरलेले सापडते.

अर्ज कोठे आणि कसा

संरक्षण खात्याच्या पेन्शनचे काम आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून चालते आणि मंजुरी प्रयागराज येथील संरक्षण लेखा विभागाच्या पेन्शन कार्यालयातून येते. पती पेन्शनर असतील तर प्रथम स्पर्शवर त्यांच्या मृत्यूची नोंद करावी. ही नोंद लवकर करण्यातच हित आहे, कारण मृत्यूनंतर खात्यात जमा होत राहिलेली पेन्शन पुढे वसूल केली जाते. घरी संगणक नसेल तर गावाजवळचे सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवा देणारे केंद्र, किंवा स्पर्शचे सेवा केंद्र असलेली बँक शाखा हे काम करते. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आधार, पॅन, पासबुक आणि छायाचित्र सोबत न्यावे. पतीबरोबरचे संयुक्त खाते असेल तर ते बंद करू नये. त्याच खात्यात फॅमिली पेन्शन जमा होऊ शकते.

नोंदी जुळत नसतील, पीपीओवर पत्नीचे नाव नसेल किंवा प्रकरण जुने असेल, तर रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्याजवळ खडकीत, तर रणगाडा दलाचे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर येथे आहे. पत्रात सैनिकी क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, भरतीची व सेवानिवृत्तीची तारीख, मृत्यूची तारीख आणि नेमकी मागणी एवढेच लिहावे, सर्व कागदांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात, मूळ कागद कधीही पाठवू नयेत आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

हे सर्व एकटीने करण्याची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला जुनी माणसे अजून ‘सैनिक बोर्ड’ म्हणतात, अर्ज भरून देते आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करते. तेथे आपली नोंद करून वीरपत्नी किंवा माजी सैनिक पत्नीचे ओळखपत्र घ्यावे. पती पेन्शनशिवाय आले होते आणि हक्क निघतच नाही असे ठरले, तर ६५ वर्षांवरील निराधार पत्नीला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळू शकते. हवालदार पदापर्यंतच्या कुटुंबांसाठी असलेली ही मदत नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दरमहा ८,००० रुपये आहे. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या पत्नींनी राज्य शासनाच्या मानधनाची चौकशीही याच कार्यालयात करावी.

आणखी दोन गोष्टी. निवृत्तीनंतर पती बँकेत, पोलिसांत किंवा अन्य सरकारी नोकरीत लागले होते आणि तेथेही पेन्शन होती, तर २४ सप्टेंबर २०१२ पासून पत्नीला दोन्हीकडची फॅमिली पेन्शन घेता येते. आणि सासरची माणसे मृत्युपत्र पुढे करून पेन्शनवर हक्क सांगत असतील, तर घाबरू नये: फॅमिली पेन्शन ही पतीची मालमत्ता नसते, ती मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले आहे. साध्या फॅमिली पेन्शनमध्ये पत्नीने पुनर्विवाह केला तर तिची पेन्शन बंद होऊन पात्र मुलांकडे जाते. अपत्य नसलेल्या पत्नीला मात्र तिचे इतर उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्यास ती पुढेही मिळते.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून फाइलची स्थिती आणि नोंदींच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले तर ते फाडू नये. कारण आणि अपिलाची मुदत त्यातच असते. अपीलही फेटाळले गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते, ज्याच्या कक्षेत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात. कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उशीर मात्र करू नये. हक्क मान्य झाला तरी जुनी थकबाकी बहुधा मागील तीन वर्षांपुरतीच मिळते, आणि पेन्शन न मिळालेल्या सैनिकांचे जुने कागद रेकॉर्ड ऑफिसात कायम ठेवले जात नाहीत.

पेन्शन सुरू झाली की ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्ड आपल्या नावाने करून घ्यावे आणि दरवर्षी न चुकता हयातीचा दाखला द्यावा. तो राहिला की पेन्शन थांबते. शेतात आयुष्य घालवलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. अशा वेळी केंद्रचालकाला सांगून मोबाइलवर चेहरा दाखवून ‘जीवन प्रमाण’ काढून घ्यावे, आणि दाखला स्वीकारला गेल्याचा संदेश आल्याशिवाय तेथून उठू नये.