फ्री कटिंग बारला वेल्ड मारण्याआधी

घरच्या वर्कशॉपसाठी गोल बार मागितला की दुकानदार बऱ्याचदा ईएन वन ए, म्हणजे सहज कापलं जाणारं (फ्री कटिंग) पोलाद, पुढे करतो. चकचकीत, मापात आणि लेथवर लोण्यासारखा कापला जाणारा. बुश, पिन, नॉब यांसाठी याच्यासारखा माल नाही. पण तो पार्ट पुढे वेल्डिंगला जाणार असेल, तर दुकानातच थांबा.

मेख गंधकात आहे. आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या साध्या एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) गंधक ०.०४५ टक्क्यांच्या आत ठेवतात. ईएन वन एमध्ये ते मुद्दाम ०.२ ते ०.३ टक्के असतं, म्हणून चिप तुकड्या-तुकड्यांनी गळते. वेल्ड थिजताना हेच गंधक शेवटी थिजणाऱ्या मधल्या पट्ट्यात गोळा होतं. लोह आणि लोह-सल्फाइडचं मिश्रण ९८८ अंशांपर्यंत पातळच राहतं, भोवतालचं पोलाद मात्र केव्हाच घट्ट होऊन आकसायला लागलेलं असतं. मग बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) मधोमध लांबीच्या दिशेने चीर जाते, शिवाय भोकंही पडतात. शिकाऊ पोरं अशा वेळी आपला हात नाहीतर मशीन खराब म्हणतात. दोन्ही ठीक असतात हो!

भंगारातून आणलेला बार ओळखायचा तर आधी ड्रिल मारून पाहा. एमएसची लांब गुंडाळी निघते, फ्री कटिंगचा बारीक चुरा. खात्रीची चाचणी नाही, पण संशय घ्यायला पुरते.

जोडणं टळतच नसेल तर ६०१३ वेल्डिंग रॉड बाजूला ठेवा आणि कोरडा ७०१८ घ्या. त्याच्या चुनखडी-फ्लोरस्पारच्या लेपामुळे थोडं गंधक स्लॅगमध्ये (वेल्डवरच्या मळीत) जातं. अँपिअर कमी, आर्क आखूड. एका बाजूला एमएस असेल तर रॉडचा रोख तिकडे ठेवा, म्हणजे बारचा माल पडलमध्ये (वितळलेल्या धातूच्या डबक्यात) कमी मिसळतो. बीड किंचित फुगीर हवा आणि शेवटचा खड्डा भरूनच रॉड उचला, कारण चीर बहुतेक तिथून सुरू होते. फिलर (भरणीची तार) न घालता टिग वेल्ड मारणं तर सगळ्यात वाईट, पडलमध्ये सगळा बारचाच माल येतो. शिसं घातलेला ईएन वन ए असेल तर मी वेल्डच करत नाही, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

एवढं करूनही असा जोड जॅक, हुक किंवा ट्रॉलीच्या दांड्याला मी लावणार नाही. तिथे बॉस (वेल्ड करून बसवायचा गोल तुकडा) साध्या एमएसच्या बारचाच करावा. फिनिश जरा खरबरीत येते, पण टूलला चांगली धार आणि भरपूर तेल दिलं की काम भागतं. नाहीतर ईएन वन एचा तुकडा आटे पाडून किंवा प्रेस-फिट करून बसवावा.

आणि बार घरी आला की ओळखीसाठी एका टोकाला रंग मारून ठेवा, कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापा.