डब्यातले फिश फिंगर फुटणं आणि गिळगिळीत होणं असं थांबलं

लक्षण: तव्यावर फुटायचे, न फुटलेले मधल्या सुट्टीपर्यंत डब्यात ओलेगिच्च. ब्रेडचा चुरा, मैदा, अंडं, सगळं वाढवून पाहिलं. चव गेली, ओल तशीच. डबा भरलेला परत यायचा, डोकं उठलं होतं.

ओल होती आत घातलेल्या गाजर-दुधीची, आणि गरम डब्यातल्या वाफेची. आता क्रम असा. पाव किलो सुरमईला हळद-मीठ लावून 8 मिनिटं वाफवायची, गार झाल्यावर बोटांनी कुस्करत काटे काढायचे. (मालवणच्या बाजारात बांगडा स्वस्त, चालतोही, पण त्याचे बारीक काटे वेचण्यात सकाळ जाते.) एक गाजर आणि तेवढाच दुधी किसून, मीठ लावून 10 मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळायचा. किती पाणी निघतं ते बघाच! मग एक उकडलेला गार बटाटा, आलं-लसूण, कोथिंबीर आणि मिक्सरवर फिरवलेले 3 चमचे कोरडे पोहे. उरलेली ओल पोहे ओढून घेतात. बोटाएवढे वळून, रव्यात घोळवून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तेल चांगलं तापल्यावरच तव्यावर सोडायचे. खालची बाजू तांबूस होईपर्यंत उलथनं लावायचं नाही. उतरवून जाळीवर पूर्ण गार, मगच झाकण.

उन्हाळ्यात मात्र छोट्या सुट्टीतच संपवायला सांगते. आपल्याकडच्या दमट उकाड्यात मासळी दुपारपर्यंत ठेवायची नाही.